'नियंत्रण सुटले' म्हणजे नेमकं काय झालं?

वाटसरू (धागाकर्ता)

परवा इथेच मी लिहिलं होतं की वाहतुकीच्या बातम्यांची भाषा बदलायला हवी. त्यावर 'सळई' यांचा प्रतिसाद आला: "शब्दांचा कीस काढून रस्ते सुरक्षित होत नाहीत. रस्ता वाहनांसाठीच असतो, पायी चालणाऱ्यानं जपून चालावं. विषय संपला." खाली सहमतींची रांग लागली. दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढतोय.

'रस्ता वाहनांसाठीच असतो' हे आपण सूर्य पूर्वेला उगवतो अशा थाटात म्हणतो. हे वाक्य शंभर वर्षांपूर्वी घडवलं गेलंय. १९२० च्या सुमारास अमेरिकेतल्या शहरांत मोटारींखाली माणसं मरायला लागली, त्यात मुलं फार. तेव्हा लोकांचा राग मोटारींवर होता. १९२३ मध्ये सिनसिनाटीत ४२,००० लोकांनी सह्या करून मागणी केली, की प्रत्येक मोटारीला ताशी २५ मैलांच्या वर जाऊच न देणारं यंत्र बसवा. मोटारवाल्यांनी सगळा जोर लावला आणि मतदानात ती मागणी पडली. तिथून त्यांनी बोलण्याचा रोखच फिरवला. वेगाबद्दल बोलायचं नाही, चालणाऱ्याबद्दल बोलायचं. 'जेवॉकर' हा शब्द आधीपासून होता, तो आता घरोघरी पोचवला. 'जे' म्हणजे गावंढळ, शहरात कसं वागावं ते न कळणारा. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसनं चालणाऱ्यांना बांधून ठेवणारे नियम केले. आधी हिणवणं आलं, मागून कायदा आला.

आता आपल्या बातम्या बघा. 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने मोटार पदपथावर चढली.' नियंत्रण सुटतं, दाव्याची गाठ सुटावी तसं. ते कुणी सोडलं, किती वेगात सोडलं, वाक्यात जागाच नाही. 'पादचारी मध्ये आल्याने.' कशाच्या मध्ये? रस्त्यात उभी मोटार 'पार्क केलेली' असते, रस्त्यात उभा माणूस 'अडथळा' असतो.

माझी आई ७४ वर्षांची, हातात काठी. तिला रोज ओलांडावा लागणारा रस्ता २१ मीटर रुंद आहे. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा मी मोबाइलवर मोजला, १८ सेकंद. तिला २७ लागतात. गेल्या आठवड्यात ती शेवटच्या पट्ट्यात असताना दिवा लाल झाला. एक दुचाकीवाला अगदी तिच्या काठीला चाक लावून ओरडला, "आजी, मरायचंय का?" आई त्याला म्हणाली, "सॉरी बाळा." घरी येऊन मलाही तेच सांगत होती, की आपलंच चुकलं. हे तिला कुणी शिकवलं? म्हणून मला शब्दांचा कीस काढायचाय.

सळई

माझं नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तर देतो. १९ वर्षं रस्त्यांच्या कामात आहे. रस्ता सुरक्षित होतो तो चौकातल्या वळणाची त्रिज्या कमी केल्यानं, पट्टा अरुंद केल्यानं, ओलांडायची जागा उंच उचलल्यानं. स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये 'व्हिजन झीरो', म्हणजे रस्त्यावर कुणाचाही जीव जाऊ नये हे धोरण, मंजूर केलं. त्या वर्षी तिथे रस्त्यावर ५४१ माणसं गेली, २०२० मध्ये २०४. हे कशानं झालं? समोरासमोरच्या वाहनांमध्ये पोलादी तारांचं कुंपण घातलं, चौकांच्या जागी गोल फिरायची वर्तुळं केली, वस्तीत वेग उतरवला, गाड्याही सुधारल्या. ती तार कुठली बातमी वाचून उभी राहत नाही.

तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण सिग्नलचा वेळ मी मनानं ठरवत नाही. तक्त्यात चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर आहे. २१ भागिले १.२, साडेसतरा. गणित बरोबर आहे.

वाटसरू

गणित बरोबर आहे, म्हणजे आई चूक आहे. हेच मी सांगतोय. १.२ हा वेग कुणाचा? 'सरासरी पादचारी' नावाचा एक माणूस कागदावर तयार केलाय. तो कधी म्हातारा होत नाही, त्याच्या कडेवर मूल नसतं. अमेरिकेच्या सिग्नल-नियमावलीत हा वेग सेकंदाला ४ फूट होता, २००९ मध्ये साडेतीन फूट केला. म्हणजे आकडा बदलता येतो. कुणीतरी 'सरासरी' या शब्दावर हरकत घ्यावी लागते.

आणि तुमच्याच क्षेत्रातलं घ्या. रस्त्याला 'ए' ते 'एफ' अशा श्रेणी देतात, १९६५ च्या अमेरिकन हमरस्ते-पुस्तिकेपासून. मोटार न अडता सुसाट गेली की 'ए'. माणसांनी गजबजलेल्या, गाड्या रांगत जाणाऱ्या चौकाला 'एफ', म्हणजे शाळेतलं नापास. नापास म्हटल्यावर रुंदीकरण आलंच. कॅलिफोर्नियानं २०१३ मध्ये कायदा करून पर्यावरणाच्या परीक्षणातून ही मोजणी बाद करायचं ठरवलं आणि २०२० पासून राज्यभर त्याऐवजी एकूण किती मैल गाड्या धावणार हे मोजायला लावलं. रस्ता तोच आहे, प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.

हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेवर मुलं. मुलगी गमावलेल्या एका पत्रकारानं लिहिलेल्या लेखातून तिथल्या सुरक्षित रस्ते मागणाऱ्या चळवळीला नाव मिळालं, 'मुलांचे खून थांबवा'. 'वाढत्या अपघातांबाबत चिंता' असं नाव ठेवलं असतं तर कोण रस्त्यावर उतरलं असतं?

सळई

१९७३ चं तेलसंकट विसरलात. रविवारी मोटारी बंद ठेवल्या, तेव्हा लोकांना रिकामे रस्ते डोळ्यांनी दिसले. तेल महागलं नसतं तर नुसत्या घोषणेनं तिथले रस्ते बदलले नसते. स्टॉकहोमचंही तसंच. शहरात शिरायला कर लावणार म्हटल्यावर बहुसंख्य लोक विरोधात होते. २००६ मध्ये सात महिने लावून बघितला, गाड्या साधारण पाचव्या हिश्शानं घटल्या आणि त्याच वर्षीच्या मतदानात निम्म्याहून थोडे जास्त लोक बाजूनं आले. अनुभव आल्यावर मत फिरलं. गोष्टी सांगून नाही.

शब्दवेल्हाळ

दोघंही मोठा मासा सोडताय. 'अपघात' हा शब्दच बघा. अप अधिक घात. घात म्हणजे प्रहार, वध. विश्वासघात, आत्मघात, घातपात, या सगळ्यांत करणारा आहे. 'अपघाता'त मात्र तो गळून पडलाय. 'अपघाताने' म्हणजे तर आपण सरळ 'योगायोगाने' समजतो. ब्रिटिश मेडिकल जर्नलनं 'ॲक्सिडेंट' हा शब्द २००१ मध्येच बाद केला. २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेनं सांगितलं की हलगर्जीपणाचा आरोप असेल तिथे तो टाळा. २०१९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, एकच घटना तीन तऱ्हांनी लिहून लोकांना वाचायला दिली. शब्दरचना बदलली की दोष कुणाला द्यायचा हे वाचकांचं मत बदललं.

आपल्याकडे 'धडक' हा चोख शब्द आहे. 'अपघात' बातम्यांतून हद्दपारच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रच्याकने, हा शब्दही बघा. 'बाय द वे'साठी आपण केलेलं 'रस्त्याच्या कडेने'. मुख्य मुद्दा मधून जाणार आणि बाकीच्यांनी कडेनं जायचं, हे आपण इथे रोज टाइप करतो.

लांबचा पल्ला

मी इथे वाचतो, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

२२ वर्षं बस चालवली. एक दिवस संध्याकाळी पाऊस होता, वायपर एका बाजूचा नीट पुसत नव्हता. थांबा सोडून निघालो होतो, वेग ३० च्या आसपास. कडेला एक डिलिव्हरी व्हॅन उभी होती. तिच्यापुढून आधी छत्री बाहेर आली. काळी, उघडी. माणूस दिसलाच नाही मला, छत्रीच दिसली. ब्रेकवर उभा राहिलो अक्षरशः. दहा-बारा टनांची गाडी, ओला रस्ता. मग आवाज आला. तो आवाज मी कुणाला सांगू शकत नाही, बायकोलाही सांगितलेला नाही.

चौकशी झाली, खटला झाला, सुटलो. पण त्यानंतर किती तरी महिने पाऊस लागला की हात थरथरायचे. छत्री उघडी बघवत नाही अजून.

त्या सगळ्यात माझ्यापाशी एकच शब्द उरला होता, अपघात. रात्री झोप लागायची नाही तेव्हा स्वतःशी तोच म्हणायचो. तुम्ही शहाणी माणसं आता तोही काढून घेणार. 'मुलांचे खून' म्हणे. मी खुनी का?

वाटसरू

तुमचं दुःख खरं आहे. पण माणूस मेला तो मेला. त्याच्या घरच्यांकडे 'अपघात' म्हणून समाधान मानायची सोय नाही. एका चालकाला झोप लागावी म्हणून सगळ्यांनी खोटा शब्द वापरायचा का?

उंबरठा

वाटसरू, हे लिहायला नको होतं. एक माणूस इतकी वर्षं दाबलेलं बोलतोय आणि तुम्ही त्याच्याशी शब्दकोशातून भांडताय.

आणि एकूणच या धाग्यावर माझा राग आहे, तो सांगूनच टाकते. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सनं १९६० चं शहर मांडलं होतं. लोक सरकत्या खुर्च्यांत बसून खालची इवलीशी महामार्गांची प्रतिकृती बघायचे आणि बाहेर पडताना 'मी भविष्य पाहिलं' असा बिल्ला मिळायचा. ती गोष्ट खपली. आता दुसरी खपतेय, '१५ मिनिटांचं शहर', २०१६ पासून. रोजचं सगळं १५ मिनिटांत, चालत नाहीतर सायकलवर. माझे वडील चाकांच्या खुर्चीत आहेत. त्यांची १५ मिनिटं म्हणजे पदपथाच्या पहिल्या उंच कडेपर्यंत, तिथे मी खुर्ची मागे कलंडवून उचलते. त्यांच्यासाठी मोटार दारापर्यंत यावीच लागते. पण 'मोटार म्हणजे पाप' अशी भाषा सुरू झाल्यापासून ती दारात थांबवताना मला शेजाऱ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. 'पायी चालणारे' या शब्दातच माझे वडील नाहीत. दुसऱ्यांचे शब्द तपासताना स्वतःचेही तपासा.

वाटसरू

'पायी चालणारे' बद्दल तुमचं बरोबर आहे, मी ते धरलं नव्हतं. काका, तुम्हाला लिहिलेलंही कठोर झालं, क्षमा मागतो. 'अपघात' शब्दाबद्दल मत मात्र बदललेलं नाही. तो तुमच्यापुरता तुम्ही वापरावा. बातमीत आणि सरकारी कागदात नको.

सळई

लांबचा पल्ला, एक विचारतो, राग मानू नका. ती व्हॅन ओलांडायच्या पट्ट्यापासून किती लांब होती?

लांबचा पल्ला

लांब कुठली, चिकटूनच. तिचं मागचं चाक पट्ट्यावर होतं. रोजच कुणी ना कुणी तिथे उभं असायचं. व्हॅनवाला आवाज ऐकून निघून गेला, त्याला कुणी विचारलं नाही.

आणि भाषेचं म्हणताय तर ऐका. पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं, 'भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून'. मी ३० वर होतो. लिहिणाऱ्याला विचारलं, भरधाव कुठून आणलं? म्हणाला, असंच लिहितात, सगळ्यांचं असंच असतं.

शब्दवेल्हाळ

म्हणजे कागदावर 'भरधाव' आणि घरी 'अपघात', आणि दोन्हींत व्हॅन नाही. 'अपघात' हद्दपार करा म्हटलं ते मागे घेत नाही. पण त्या जागी 'भरधाव' बसणार असेल तर काय मिळवलं, याला माझ्याकडे आज उत्तर नाही.

सळई

हे मला नाखुशीनं लिहावं लागतंय. आमच्याकडे जो अहवाल येतो त्यात 'कारण' असा एक रकाना असतो. त्यात चालकाची चूक, पादचाऱ्याची चूक, वाहनातला बिघाड, हवामान असे पर्याय. त्यावरून वर्षअखेरीस तक्ते होतात आणि तक्त्यांवरून पैसे कुठे खर्चायचे ते ठरतं. पट्ट्याजवळ उभ्या गाडीनं दृष्टी अडली, हे लिहायला जागाच नाही. असे शेकडो अहवाल मी पाहिले. खुंट लावून पट्ट्याच्या अलीकडचे पाच-सहा मीटर मोकळे ठेवले असते तर काकांना छत्रीआधी माणूस दिसला असता. काम एका सकाळचं आहे. पण रकान्यात नाही म्हणून तक्त्यात नाही, आणि तक्त्यात नाही म्हणून ते काम निघत नाही.

तरी मी म्हणेन की हा फॉर्मचा प्रश्न आहे, भाषेचा नाही.

वाटसरू

सळईसाहेब, फॉर्म कशात लिहिलेला असतो?

सळई

ठीक आहे. तेवढं मान्य. पण खुंट लावावेच लागतील, नुसता रकाना वाढवून भागणार नाही. आणि तुमच्या आईंच्या सिग्नलला २७ सेकंद द्यायचे तर दुसऱ्या बाजूच्या बस थांबतील, त्यात त्यांच्याच वयाची माणसं बसलेली असतील. रस्ता मध्ये तोडून उभं राहायला रुंद जागा करता येते का, ते बघा. ते मागा. तुमचा अर्ज लिहायला मी मदत करतो.

उंबरठा

ती जागा करताना कडा उतरती ठेवायला सांगा.

लांबचा पल्ला

मला अर्जबिर्ज कळत नाहीत. त्या रकान्याचं काही झालं तर इथे कळवा. माझ्या जुन्या कागदात ती व्हॅन आता लिहून घेतील का, तेही विचारा. मला काही मिळवायचं नाही त्यातून. लिहिलेली असावी, एवढंच.