विषय: कर्ज नाकारलं, आता क्रेडिट पुन्हा कसं उभं करायचं?

प्रेषक: मंडळाचे समन्वयक

नमस्कार मंडळी,
खालचं पत्र आपल्याच एका सभासदाचं आहे. नाव देऊ नका अशी त्यांची विनंती आहे. उत्तरं सगळ्यांना जातील अशीच पाठवा. ज्यांना विचारायचा धीर होत नाही त्यांनाही ती मिळतील.

"न्यू जर्सीत अकरा वर्षं झाली. २०१९ मध्ये जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय सुरू केला, कोविडात तो बुडाला. तीन क्रेडिट कार्डांवर मिळून १९ हजार डॉलर चढले आणि जून २०२१ पासून हप्ते थकले. आता पक्की नोकरी आहे, पण ३५ मैलांवर, आणि गाडीचं कर्ज दोन ठिकाणी नाकारलं गेलं. क्रेडिट स्कोअर ५४८. एक कंपनी म्हणते, ९० दिवसांत रिपोर्ट साफ करून देऊ, ९०० डॉलर आधी भरा. भरू का? वसुलीवाल्यांचे फोनही चालू आहेत. बायकोशिवाय हे कुणाला माहीत नाही. यंदा मंडळाच्या गणपतीलाही आलो नाही."

---

प्रेषक: माजी खजिनदार

भाऊ,

ते ९०० डॉलर देऊ नका. काम करण्याआधी पैसे घ्यायला अशा कंपन्यांना केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. खरी नोंद मुदतीआधी पुसायची सोय कुणाकडेच नाही, आणि चुकीची नोंद काढायचा अर्ज तुम्ही स्वतः फुकट करू शकता.

मी बावीस वर्षं एका क्रेडिट युनियनच्या, म्हणजे सभासदांच्या सहकारी पतसंस्थेच्या, कर्ज विभागात होते. आपली माणसं समोर येऊन बसायची, फाईल मांडीवर घट्ट धरून. स्कोअरचा आकडा पाठ असायचा, रिपोर्ट मात्र एकदाही वाचलेला नसायचा. सुरुवात तिथून करा. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन क्रेडिट ब्युरोंचे, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांचे, रिपोर्ट 'अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम'वर दर आठवड्याला मोफत मिळतात. छापून घ्या. प्रत्येक खात्यासमोर पहिला हप्ता कधी चुकला ती तारीख तपासा. एकच देणं मूळ बँकेच्या नावावर आणि वसुलीवाल्याच्या नावावर, दोन्हीकडे बाकी दाखवून आलंय का, तेही बघा. हे मी फार वेळा पाहिलंय. चूक सापडली तर पुराव्याच्या प्रती जोडून लेखी तक्रार करा; साधारण ३० दिवसांत त्यांना तपास करावा लागतो.

वसुलीवाल्यांशी बोलताना फार सांभाळा. इथे दोन वेगळ्या मुदती असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक रिपोर्टवरची: थकबाकीची नोंद पहिला हप्ता चुकल्यापासून साधारण सात वर्षं राहते. तुमची २०२८ च्या मध्याला उतरायला हवी. पैसे भरा अथवा भरू नका, ही मुदत पुढे सरकत नाही. दुसरी कोर्टात दावा लावायची. न्यू जर्सीत अशा देण्यांना सर्वसाधारणपणे सहा वर्षं, पण मध्येच थोडी रक्कम भरली तर ती नव्याने सुरू होऊ शकते. म्हणून फोनवर "५० डॉलर तरी पाठवा" म्हणाले तर लगेच हो म्हणू नका. पहिली नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत देण्याचा तपशील लेखी मागा. तडजोड ठरलीच तर आकडा आधी कागदावर, पैसे नंतर. ६०० डॉलर किंवा जास्त माफ झाले तर १०९९-सी हा माफ झालेल्या कर्जाचा कर-फॉर्म येऊ शकतो आणि ती रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. त्या वेळी देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील, तर माफ रक्कम उत्पन्नातून वगळण्याच्या फॉर्म ९८२ बद्दल कर सल्लागाराला जरूर विचारा. आणि कोर्टाचं समन्स आलं तर गप्प बसू नका. उत्तर न दिल्यास एकतर्फी निकाल लागतो आणि मग पगारातून कापायला सुरुवात होऊ शकते.

नव्या क्रेडिटसाठी सिक्युअर्ड कार्ड घ्या. २०० ते ३०० डॉलर अनामत ठेवायची, तेवढीच मर्यादा मिळते. कार्ड तिन्ही ब्युरोंना कळवतं ना, ते घेण्याआधी विचारा. त्यावर फक्त मोबाईलचं बिल लावा आणि पूर्ण रकमेचं ऑटोपे ठेवा. फायको या इथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्रेडिट स्कोअरमध्ये वेळेवर भरण्याला ३५ टक्के वजन आहे, आणि किती देणं आहे, मर्यादेचा किती भाग वापरलाय, याला ३० टक्के. स्टेटमेंट निघतं त्या दिवशीची बाकी सहसा कळवली जाते, त्यामुळे २०० च्या कार्डावर १५० दिसले तर मुदतीत भरूनही त्या महिन्याचा स्कोअर खाली येतो.

गणपतीला आला नाहीत हे वाचून वाईट वाटलं. धंदा बुडणं हा गुन्हा नाही, भाऊ.

---

प्रेषक: एक सभासद

माझ्या कार्डावर यांचं नाव जोडायला मी तयार आहे. आमच्या भिशीतही यावं, गाडीच्या डाऊन पेमेंटची सोय होईल. एक शंका: पुण्यात माझ्या भावाने तडजोड केली तर सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा आला. इथेही तसंच का? आणि तिकडचा चांगला स्कोअर इथे चालतो का?

---

प्रेषक: माजी खजिनदार

तुमचं कार्ड जुनं आणि स्वच्छ असेल तर नाव जोडल्याने त्यांना फायदा होतो. मात्र त्यांनी खर्च केला तर देणं तुमच्या डोक्यावर. कार्ड त्यांच्या हातात न देताही नाव जोडता येतं, तसंच करा.

भिशीचे हप्ते रिपोर्टवर दिसत नाहीत. पण गाडीच्या कर्जाला डाऊन पेमेंट जास्त असलं की आम्ही अर्जाकडे वेगळ्या नजरेने पाहायचो, तेव्हा भिशी जरूर लावा. 'पूर्ण रकमेपेक्षा कमीवर मिटवलं' असा शेरा इथेही येतो, तरी बाकी शून्य दिसणं कर्ज अधिकाऱ्याला बरंच वाटतं. सिबिलचा स्कोअर इथल्या ब्युरोंकडे येत नाही.

---

प्रेषक: समन्वयक (पत्रलेखकाच्या वतीने)

"सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बायको आणि मी तिन्ही रिपोर्ट टेबलावर पसरून बसलो. एक कार्ड दोनदा आलंय, दोन्हीकडे ६,२०० बाकी, आणि दुसऱ्या नोंदीत पहिला हप्ता चुकल्याचं साल २०२३ लिहिलंय. बँकेची जुनी स्टेटमेंटं माळ्यावरच्या खोक्यात सापडली. तक्रार ऑनलाइन करू की रजिस्टर्ड पोस्टाने पाठवू? ताईंनी मसुदा एकदा वाचून दिला तर सोमवारीच टाकतो. त्या कंपनीला नाही म्हणून कळवलंय."