एंटर मारून शीर्षक ढकलू नका

"शीर्षक पानाच्या तळाशी एकटंच राहिलं तर चार-पाच एंटर मारा," असं बरेच जण सुचवतात. नका मारू राव! परभणीत माझं डीटीपीचं दुकान आहे. मागं एका पोरीचा दोनशे पानांचा प्रबंध असाच एंटर मारून बसवलेला आला. गाईडनी प्रस्तावनेत दोन ओळी वाढवल्या अन् पुढची सगळी शीर्षकं पानाच्या मधोमध लोंबायला लागली. रात्री दीडपर्यंत एंटर पुसत बसलो.

वर्डमध्ये शीर्षकावर कर्सर ठेवून पॅराग्राफच्या खिडकीत 'लाइन अँड पेज ब्रेक्स' उघडा. 'कीप विथ नेक्स्ट'ला टिक केली की शीर्षक खालच्या परिच्छेदाला धरूनच राहतं. हेडिंगच्या तयार स्टाइलमध्ये हे आधीच असतं, पण आपल्याकडं सगळे नुसतं बोल्ड करून मोकळे होतात. तिथलंच 'विडो/ऑर्फन कंट्रोल' परिच्छेदाची एकटी ओळ तळाशी किंवा माथ्यावर सुटू देत नाही. लिब्रेऑफिसात (वर्डसारखंच फुकटचं सॉफ्टवेअर) हेच 'टेक्स्ट फ्लो'मध्ये सापडतं, अन् किमान किती ओळी एकत्र ठेवायच्या ते आकड्यात देता येतं.

नवं प्रकरण नव्या पानावर हवं तर कंट्रोल-एंटर. जुनी फाइल असेल तर आधी होम टॅबवरचं उलट्या पीसारखं चिन्ह दाबा, एंटर कुठंकुठं दडलेत ते लगेच दिसतं.