दोष गळ्याचा नाही, वेगाचा

ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांवरचे सगळेच गवई बारीक आवाजात आणि घाईत गातात, असं बरेचजण म्हणतात. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची, त्यामुळे घाई होती हे मान्य. पण आवाजाचं खापर गळ्यावर फोडू नका. गायिका गौहरजान 1902 साली कोलकात्यात तबकडीसाठी गायल्या, तेव्हा मिनिटाला 78 फेऱ्या हा वेग पक्का ठरलेलाच नव्हता. कमी फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी आपण 78 वर लावतो. वेग सहा टक्के वाढला की काळी एकचं गाणं थेट पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या वरच्या पट्टीत जातं, लयही तेवढीच पळते.

चाळीसगावला आमच्या आबांकडे चावीचा फोनो (ग्रामोफोन) होता. ते तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवून मिनिटाला किती फेऱ्या होतात ते मोजायचे आणि वेगाचा काटा हळूहळू मागे घ्यायचे. गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगते ना, ते बोलणं माणसासारखं वाटेपर्यंत! मग तीच तान सुटी, दाणेदार ऐकू यायची. यूट्यूबवरही वेग 0.95 करून बघा, पण तिथे फक्त लय उतरते, सूर तसाच राहतो. सूरही उतरवायचा तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर आणि वेग एकत्र बदलावे लागतात.