विषात इन्सुलिन? कोनस जिऑग्राफसच्या शिकारीबद्दल प्रश्न

जिज्ञासू:
कोनस जिऑग्राफस ही समुद्री गोगलगाय मासे खाऊन जगते आणि तिच्या विषात इन्सुलिन असते, असे वाचनात आले. एवढा संथ प्राणी माशाला गाठतो कसा, आणि जे औषध म्हणून टोचून घेतात त्याचे विष कसे होते, हे कोणी उलगडून सांगेल काय?

मृदुकाय:
गाठण्याची वेळच येत नाही. ही रात्री शिकार करते. प्रवाळांच्या कपारीत विसावलेल्या माशांचा वास तिला पाण्यातून लागतो आणि मग ती आपले तोंड जाळ्यासारखे पसरून छोटे मासे अलगद आत घेते. सुटण्याची धडपड ते फारशी करत नाहीत, आणि इन्सुलिनचा संबंध येथेच येतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिच्या विषातील इन्सुलिन गोगलगायींच्या नेहमीच्या इन्सुलिनपेक्षा माशांच्या इन्सुलिनशी अधिक जुळणारे निघाले. ते पाण्यात मिसळल्यावर झेब्राफिशच्या पिल्लांचे पोहणे मंदावले, तर टोचल्यावर माशांच्या रक्तातील साखर उतरली. साखर उतरलेला मासा पळणार कुठून? गिळलेल्या माशांना ती पोकळ, अणकुचीदार दाताने विष टोचते. हा दात एकदाच वापरायचा, पुढच्या वेळी नवा.

तटस्थ:
वरील खुलासा योग्यच आहे, परंतु माणसाला धोका इन्सुलिनचा आहे, असा समज त्यावरून होऊ नये. शिकारीचे आणि बचावाचे विष विषनलिकेच्या वेगवेगळ्या भागांत तयार होते, असे २०१४ च्या एका अभ्यासात दिसून आले, आणि स्नायू लुळे पाडणारी द्रव्ये बचावाच्या विषात भरपूर असतात. प्रतिविष उपलब्ध नाही; श्वास बंद पडल्यास विषाचा अंमल ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवावा लागतो. शंख देखणा असतो खरा, पण जिवंत प्राणी कोणत्याही टोकाकडून धरू नये, कारण त्याची सोंड बरीच लांबते.

जिज्ञासू:
आभारी आहे. मग हे इन्सुलिन माणसाच्या शरीरात काम करेल काय?

मृदुकाय:
करू शकते. मानवी इन्सुलिनचे रेणू साठवणीत सहा-सहांचे पुंजके करून राहतात आणि ते सुटे झाल्यावरच काम सुरू होते. या इन्सुलिनमध्ये पुंजका बांधणारा शेवटचा तुकडाच नाही, तरीही ते मानवी इन्सुलिनच्या ग्राहकाला (पेशीवरील ज्या रेणूला इन्सुलिन जोडले जाते, त्याला) चेतवते, हे २०१६ मध्ये दाखवण्यात आले. म्हणूनच जलद परिणाम करणारे इन्सुलिन घडवू पाहणाऱ्यांना त्यात रस आहे. औषध मात्र आधी आले ते तिच्याच कुळातील कोनस मॅगसच्या विषावरून: झिकोनोटाइड या वेदनाशामकाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. अर्थात ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते, त्यामुळे तीव्र आणि चिवट वेदनांसाठीच ते राखून ठेवलेले आहे.