शब्दचर्चा: प्रतिदीप्ती, अनुस्फुरण आणि ‘मोजणे’

बांधावरची: शेतकऱ्यांसाठीच्या एका पुस्तिकेचा मजकूर तपासायला आलाय. त्यात वाक्य आहे: ‘उपग्रह पानांवरून परावर्तित होणारी चमक टिपून पिकाचे प्रकाशसंश्लेषण मोजतो.’ मूळ शब्द फ्लुरोसन्स. ‘चमक’ पटत नाही. काय वापरू?

टाकसाळ्या: ‘चमक’चं नंतर बघू, आधी ‘परावर्तित’ काढा. हा प्रकाश पानाचा स्वतःचा आहे. हरितद्रव्य ऊन शोषतं, त्यातला काही भाग प्रकाशसंश्लेषणाला लागतो, बराचसा उष्णता होऊन जातो आणि साधारण एक-दोन टक्के तांबड्या व त्यापलीकडच्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. 685 आणि 740 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास त्याचे दोन उंचवटे असतात, म्हणजे तिथे तो सर्वांत जास्त असतो. म्हणून क्रियापद ‘उत्सर्जित होणे’, किंवा सरळ ‘पान सोडतं’.

खात्री करायची असेल तर पालकाची पानं कुटून स्पिरिटमध्ये भिजवा, गाळा आणि अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. हिरवं पाणी रक्तासारखं लाल दिसतं. डेव्हिड ब्रूस्टरने 1834 मध्ये लॉरेलच्या पानांच्या अर्कात हा लाल रंग नोंदवला होता. फ्लुरोसन्स हे नाव नंतरचं, 1852 मध्ये स्टोक्सने फ्लुरस्पार या खनिजावरून दिलेलं.

बांधावरची: मग अनुस्फुरण की प्रतिदीप्ती? दोन्ही वाचनात येतात.

नत्रस्फुरद: शेतकऱ्यांसाठी असेल तर अनुस्फुरण नको हो ताई. आमच्याकडे स्फुरद म्हणजे फॉस्फरस, खताच्या गोणीवरचा मधला आकडा. ‘पिकाचे अनुस्फुरण कमी झाले’ असं छापलंत तर वाचणारा सुपर फॉस्फेट आणायला दुकानात जाईल.

टाकसाळ्या: हा मुद्दा बिनतोड! प्रतिदीप्तीच घ्या. पहिल्यांदा येईल तिथे ‘ऊन पडल्यावर हरितद्रव्य सोडत असलेला मंद लाल प्रकाश’ असं फोडून सांगा, पुढे नुसती प्रतिदीप्ती. ‘सूर्यप्रेरित हरितद्रव्य प्रतिदीप्ती’ ही आगगाडी शोधनिबंधातच धावू दे.

चष्मेबद्दूर: भर उन्हात एक-दोन टक्के प्रकाश आकाशातून दिसतो कसा? परावर्तित उजेडात बुडून नाही जात?

टाकसाळ्या: बुडतोच. पण सूर्याच्या वर्णपटात फ्राउनहोफर रेषा नावाच्या काळ्या रेषा असतात. त्या तरंगलांबींना सूर्याकडूनच प्रकाश फार कमी येतो, त्यामुळे परावर्तनही कमी. झाडाचा प्रकाश मात्र तिथेही पडतो आणि रेषा किंचित भरून येते. ती किती भरली यावरून प्रतिदीप्ती काढतात. गंमत म्हणजे पहिले जागतिक नकाशे निघाले ते कार्बन डायऑक्साइड मोजायला 2009 मध्ये सोडलेल्या जपानच्या गोसॅट उपग्रहाच्या नोंदींतून, 2011 मध्ये.

चष्मेबद्दूर: आणि हिरवेपणाचा निर्देशांक असतो, एनडीव्हीआय, तो वेगळा?

टाकसाळ्या: वेगळा. तो परावर्तनावर चालतो. उत्तरेकडची सूचिपर्णी जंगलं हिवाळ्यातही हिरवी असतात, पण काम जवळपास बंद. निर्देशांकाला ती हिरवी दिसत राहतात, प्रतिदीप्ती मात्र घसरते. ‘हिरवेपणा’ आणि ‘हिरवं काम’ या दोन गोष्टी आहेत, पुस्तिकेत त्यांची गल्लत नको.

तलाठीकन्या: मला खरा खटकला तो ‘मोजतो’. उपग्रह मोजतो प्रकाश, प्रकाशसंश्लेषणाचा तो अंदाज असतो. पानावर ताण आला की उष्णतेचा वाटा बदलतो, मग प्रतिदीप्ती आणि प्रकाशसंश्लेषण यांचं प्रमाण तेच राहत नाही. त्यामुळे जमिनीवरच्या मनोऱ्यांवर मोजलेल्या कार्बनच्या देवाणघेवाणीशी हे आकडे ताडून बघावे लागतात. आपल्याकडे नजरअंदाज पैसेवारी (पीक किती आलं याचा महसूल खात्याचा अंदाज) आधी लागते आणि पीक कापणी प्रयोगांनंतर अंतिम, तसंच. (‘नजरअंदाज करणे’ म्हणजे दुर्लक्ष करणे, हे हिंदीतून आलेलं. महसुलातला नजरअंदाज नीट बघून काढलेला असतो!)

अंदाज म्हणजे कमअस्सल असंही नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात ऐन हंगामात प्रतिदीप्ती जगात सर्वाधिक दिसली. उष्ण कटिबंधातल्या जंगलांपेक्षाही जास्त. प्रकाशसंश्लेषणाची तेव्हाची अनेक प्रतिमानं (संगणकी मॉडेलं) त्या पट्ट्याला बरंच कमी लेखत होती.

नत्रस्फुरद: पण माझं दोन एकरांचं शिवार दिसेल का त्यात?

तलाठीकन्या: नाही. नासाच्या ओसीओ-2 उपग्रहाचा एक ठिपका साधारण 1.3 बाय 2.25 किलोमीटरचा, ट्रोपोमी या युरोपच्या उपग्रहावरच्या उपकरणाचा त्याहून मोठा. प्रतिदीप्तीसाठीची युरोपची फ्लेक्स उपग्रह मोहीम 300 बाय 300 मीटरच्या ठिपक्यासाठी आखली आहे. म्हणजे 9 हेक्टर, बावीसेक एकर. त्यातही बांध, विहीर, शेजाऱ्याचा ऊस सगळं एकत्र.

बांधावरची: मग हे बघा: ‘ऊन पडल्यावर पिके जो मंद लाल प्रकाश सोडतात (प्रतिदीप्ती), तो उपग्रह टिपतो. त्यावरून पिकाच्या प्रकाशसंश्लेषणाचा अंदाज बांधता येतो.’

तलाठीकन्या: ‘पिकाच्या’ऐवजी ‘त्या भागातील पिकांच्या’ करा. नाहीतर नत्रस्फुरद आपला गट नंबर घेऊन येतील.