आंबोलीच्या ओढ्यावरचा काळा-निळा पक्षी कोणता?

रानओढा: जूनअखेर, भल्या पहाटे मला दिसला. मैनेएवढा पक्षी, सावलीत पूर्ण काळा, उन्हाची तिरीप पडली की खांदा निळा चमकतो. चोच काळी. शीळ थेट माणसासारखी. शीळकरी कस्तूर म्हणावा, तर हिमालयातल्या फोटोंत चोच पिवळी आणि अंगभर ठिपके दिसतात. मग हा ब्लू रॉक थ्रश का? फोटो नुसता काळा आलाय.

कातळकडा: शीळकरी कस्तूरच, म्हणजे मलबार व्हिसलिंग थ्रश. हिमालयातला ब्लू व्हिसलिंग थ्रश वेगळा, चांगला ३० सेंमीच्या पुढे. आपला साधारण २५. आपल्याकडच्याला निळी चमक फक्त कपाळावर आणि खांद्यावर, ठिपके नाहीत. ब्लू रॉक थ्रश हिवाळी पाहुणा, त्यामुळे जूनअखेरीस तो बादच. त्याचा नर धुरकट निळा, चमक नसलेला. मादी तपकिरी, पोटावर खवल्यांसारखी नक्षी. शीळकरीचे नर-मादी मात्र सारखेच. शिवाय रॉक थ्रश उघड्या कातळावर, गडाच्या तटावर बसतो. याला झाडीतलं वाहतं पाणी लागतं.

देवराई: एक भर. घाटात काळपट पक्ष्याची चोच नारिंगी-पिवळी आणि डोळ्याभोवती पिवळं कडं असेल, तर तो ब्लॅकबर्ड. आणि शीळकरीचं पिल्लू तपकिरी असतं, कपाळावर निळं नसतं, तिथे बरेचजण फसतात. शीळकरी नीट दिसला नाही तर शेपूट बघा: बसल्यावर पंख्यासारखी उघडतो-मिटतो. खेकडे, गोगलगायी दगडावर आपटून खातो, म्हणून ओढ्यातल्या दगडांवर फुटके शंख सापडतात का तेही पाहा.

कातळकडा: फोटो काळा यायचं कारण मागचं फेसाळ पाणी. त्या पांढऱ्यामुळे कॅमेरा उजेड कमी धरतो. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१ करा. मागे ओला काळा कातळ असेल तर उलट, -०.७ च्या आसपास. नाहीतर निळा फिका पडतो.

रानओढा: आभार! आवाज वाजवून जवळ बोलावू का?

देवराई: कृपया नको. पावसाळा हा विणीचा काळ. शेवाळ-मुळांची घरट्याची वाटी ओढ्याकाठच्या कपारीत, कधी धबधब्यामागे, कधी पुलाखाली असते. अंडी बहुधा २ ते ४. रेकॉर्डिंग वाजवलं की तो घुसखोराला हुसकायला येतो, तेवढा वेळ घरटं उघडं पडतं. त्यापेक्षा उजाडण्याआधी पोचा, ओढ्यापासून लांब झाडाआड बसा. चोचीत चारा घेऊन पक्षी थबकलेला दिसला की घरटं जवळ आहे असं समजा आणि मागे सरका. तुम्ही तिथून दूर जाईपर्यंत तो आत जाणार नाही.