मदत हवी आहे: ताप उतरला आणि अंगावर पुरळ आलं, गोवर की रोझिओला (लहान बाळांना होणारा एक व्हायरल आजार)?

माझी मुलगी 11 महिन्यांची आहे. तीन दिवस 103 पर्यंत ताप होता. सर्दी-खोकला नाही, डोळेही लाल नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी अंग एकदम गार लागलं आणि दुपारी आंघोळ घालताना पाठीवर, पोटावर बारीक गुलाबी पुरळ दिसलं. काचेची वाटी दाबून पाहिली तर ते फिकं होतं. आता मानेपर्यंत आलंय, पण पोरगी खेळतेय, दूधही पितेय.

सासूबाई म्हणतात गोवरच, कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, "व्हायरल आहे, जाईल." पण कुठला व्हायरल? माझ्या वाचनात आलं की गोवरात पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून सुरू होतं आणि तेव्हा ताप उलट वाढतो. रोझिओलात ताप गेल्यावर पुरळ येतं. त्यामुळे मला रोझिओलाच वाटतोय.

नाव कळायला हवं ते नणंदेसाठी. तिला चौथा महिना आहे, कालपर्यंत बाळाला तिनंच कडेवर घेतलं होतं. रुबेला किंवा पार्व्हो (हेही पुरळ आणणारे विषाणू) असेल तर तिच्या बाळाला धोका, म्हणून जीव टांगणीला लागलाय. तिला आज तिच्या डॉक्टरांकडे पाठवतेय.

मुलीला गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात दिलाय. अशा वेळी आयजीएम (नुकत्याच झालेल्या संसर्गाच्या अँटीबॉडी शोधणारी रक्ताची) तपासणी केली तर लसीमुळेच पॉझिटिव्ह येऊ शकते का? की घशाचा स्वॅब द्यावा? बालरोगतज्ज्ञ कुणी असाल किंवा यातून गेला असाल तर कृपया सांगा.